रुळाखाली लटकणारी गाडी आणि गाडी लागणारी मी

मला गाडी लागते. एसटीत मागची सीट मिळाली आणि घाट आला की संपलंच. त्यामुळे लेकीने जर्मनीत वुपर्टालला बोलावलं आणि "आई, इथली ट्रेन रुळावरून नाही, रुळाखाली लटकून जाते" असं सांगितलं, तेव्हा मी कपड्यांच्या आधी आलेपाक भरला.

तिथे हिला श्वेबेबान म्हणतात. सगळं शहर वुपर नदीच्या चिंचोळ्या खोऱ्यात दाटीवाटीने वसलेलं. जमिनीवर आणखी रूळ टाकायला जागा कुठली? मग नदीवरच लोखंडी आधार उभे केले आणि त्याला डबे टांगले, तेही १९०१ साली! मार्ग १३.३ किलोमीटरचा, स्टेशनं २०, आणि या टोकाहून त्या टोकाला अर्धा तास. त्यातले सुमारे दहा किलोमीटर खाली नदीच. फोविंकेल या एका टोकाच्या भागात मात्र गाडी रस्त्यावरून जाते आणि लोकांच्या खिडकीतल्या कुंड्या मोजता येतात.

पहिल्या दिवशी पाय आत टाकला आणि डबा हलला. जरासाच, पण होडीत उतरल्यासारखा. मी दांडा जो पकडला तो सोडलाच नाही. वळण आलं की मी सवयीने विरुद्ध बाजूला अंग टाकायची, आणि पोटात कालवायचं. आजूबाजूचे लोक निवांत. एक शाळकरी पोरगा तर उभ्यानेच, दोन्ही हातांत वही धरून काहीतरी पाठ करत होता.

तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, तू गाडीशी भांडतेस. नुसती उभी राहा ना." तिचं बरोबर होतं. साध्या ट्रेनमध्ये वळणावर आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो, म्हणून आधीच अंग आवळून धरतो. इथे डबाच तळाकडून बाहेर झुलतो, त्यामुळे तो रेटा आडवा न येता बराचसा तळपायात उतरतो. पाण्याने भरलेली बादली गरकन फिरवली तरी पाणी सांडत नाही, तसंच काहीसं. गुडघे जरा सैल सोडले, आणि पुढचं वळण कधी गेलं कळलंही नाही. आलेपाक त्या दिवसापासून पर्समध्येच राहिला.

दाराची सवय लागायला मात्र आठवडा गेला. दारं फक्त उजव्या बाजूला. दोन्ही टोकांना गाडी गोल वळसा घालून परतते, त्यामुळे डाव्या दारांची गरजच नाही. हे माहीत असूनही मी एकदा डावीकडच्या काचेसमोर पिशव्या घेऊन तयार उभी, आणि माझं स्टेशन माझ्या पाठीमागून निघून गेलं.

बसायला जागा हवी तर सकाळची गर्दी टाळून दुपारी जा आणि थेट गाडीचं मागचं टोक गाठा. ड्रायव्हरची केबिन एकाच टोकाला असल्याने मागची मोठी काच प्रवाशांना मिळते. तिथे बसलं की नदी आणि तो लोखंडी सांगाडा आपल्यापासून मागे मागे पळत जातो. मी दोनदा काही काम नसताना त्यासाठी गेले.

भीती वाटणाऱ्यांना खरं ते सांगते. १२ एप्रिल १९९९ ला दुरुस्तीनंतर मार्गावर विसरलेल्या लोखंडी तुकड्यावर गाडी आदळून नदीत पडली, पाच जण गेले. हे वाचल्यावर मीही एक दिवस बसनेच फिरले. मग रोजची माणसं आठवली आणि परत चढले.

आणि जुळवून घेणं जिला अजिबात जमलं नाही अशी एक प्रवासी म्हणजे टुफी. सर्कशीतलं हत्तीचं पिल्लू. १९५० साली जाहिरातीसाठी तिला डब्यात चढवलं, ती बिथरली आणि डब्याची बाजू फोडून थेट वुपरमध्ये उडी! किरकोळ खरचटण्यावर निभावलं. पहिल्या दिवशी मला तिचं सगळं पटलं असतं.

परतीला विमानतळाकडे साध्या ट्रेनने निघालो. मी ऐटीत, काहीही न धरता उभी. पहिल्याच वळणावर शेजारच्या आजोबांच्या अंगावर गेले. आलेपाक पुन्हा काढावा लागला.