शिकाऊ शेफ चालवतात ते रेस्टॉरंट: जेवणाचा आणि शिकवणीचा अभिप्राय

बेरोजगार तरुण मुलामुलींना घ्यायचं आणि वर्षभरात व्यावसायिक किचनमध्ये उभं राहता येईल इतकं तयार करायचं, असं काम करणाऱ्या एका प्रशिक्षण केंद्राबद्दल आणि त्याला जोडलेल्या रेस्टॉरंटबद्दल हे लिहितेय. मी तिथे गिऱ्हाईक म्हणून जेवले आहे, परीक्षक म्हणून त्यांच्या किचनमध्ये उभी राहिले आहे, आणि तिथून शिकून निघालेली मुलं आज माझ्या हाताखाली कॉमी शेफ, म्हणजे किचनमधल्या पहिल्या पायरीवरचे शेफ, म्हणून काम करतात. केंद्राचं नाव मुद्दाम टाकत नाही. तशी विनंती तिथल्या मुलांनीच केली होती. नाव कळलं की प्रत्येक नव्या नोकरीत आधी परिस्थितीची चौकशी होते, कामाची नंतर. त्यांना फक्त शेफ म्हणून ओळखलं जायचंय आणि ते मला पूर्ण पटतं.

आधी जेवण. मेन्यूकार्ड एका पानाचं आहे, आणि ते तसंच राहावं. शिकणाऱ्या हातांना पदार्थ मोजके आणि पुन्हा पुन्हा करायला मिळाले तरच हात बसतो. सूप उत्तम होतं. खालचा स्टॉक, म्हणजे हाडं-भाज्या उकळून काढलेला रस्सा, घरचा, नितळ आणि तोंडात रेंगाळणारा. माशाची कातडी कुरकुरीत होती. म्हणजे मासा नीट टिपून कोरडा केला होता, पॅन पुरेसा तापू दिला होता आणि माशाला घाईने हात लावला नव्हता. कस्टर्ड अगदी बरोबर बसलं होतं, कडेला बुडबुडे नाहीत, मधे पाणी नाही. पण आमच्या टेबलावर एकच पदार्थ दोघांनी मागवला होता आणि एका ताटात मीठ चांगलंच जास्त पडलं होतं. दोन पदार्थांच्या मधे बराच वेळ गेला. वाढणारी मुलगी स्वतः येऊन 'अजून दहा मिनिटं लागतील' असं सांगून गेली आणि दहाव्या मिनिटाला ताट आलं. जेवणाला पाचपैकी साडेतीन देईन. शिकाऊ मुलं म्हणून एकही गुण वाढवलेला नाही.

आता किचन. खरं सांगायचं ते इथे आहे.

पहिले काही आठवडे तिथे मुलांना शेगडीजवळ येऊ देत नाहीत. हात कसे धुवायचे, कापायच्या बोर्डाखाली ओलं फडकं का घालायचं, सुरी घेऊन मागून जाताना मोठ्याने 'बिहाइंड' (मी मागे आहे) का म्हणायचं, फ्रिजमध्ये कच्चं मांस सगळ्यात खालच्या फळीवर का ठेवायचं, डब्यावर तारखेचं लेबल का लावायचं. प्रत्येक ठिकाणी 'का' विचारलं जातं आणि उत्तर मुलांकडून काढून घेतलं जातं. कांद्याचे ३ मिलिमीटरचे चौकोनी तुकडे करायला सांगितले, की बहुतेक ठिकाणी शिक्षक पट्टी लावून चुका दाखवतो आणि पुढे जातो. इथल्या शिक्षिकेने एका मुलाने कापलेले लहानमोठे तुकडे तसेच पॅनमध्ये टाकले आणि सगळ्यांना बघायला लावलं. बारीक तुकडे करपले, मोठे कच्चे राहिले, आणि दोन्हींची चव एकत्र कशी लागते ते प्रत्येकाने चमच्याने घेऊन पाहिलं. त्यानंतर पट्टीची गरज उरली नाही.

स्टॉकचंही तसंच. रस्सा उकळून तयार झाला, की मोठं पातेलं ओट्यावर निवत ठेवून द्यायची सवय कित्येक अनुभवी लोकांनाही असते. जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात वेगाने वाढतात, आणि खोल पातेल्याचा मध्य त्या पट्ट्यात तासन् तास अडकून राहतो. म्हणून ६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत उतरवायचं, असा नियम आहे. मुलांनी एक भाग पातेल्यात तसाच ठेवला, दुसरा उथळ ट्रेमध्ये ओतून बर्फाच्या पाण्यावर ठेवला, आणि दोन्हींत थर्मामीटर घालून दर काही मिनिटांनी आकडे फळ्यावर लिहिले. पातेल्यातला आकडा हलायचं नाव घेत नव्हता. ज्या मुलांनी शाळेतला आलेख कधी धड पाहिला नसेल, ती मुलं त्या दोन रेषांवर वाद घालत होती. माझ्याकडे आलेला त्यांच्यातला एकही जण गरम पातेलं चिलरमध्ये, म्हणजे किचनच्या मोठ्या फ्रिजमध्ये, ढकलत नाही, आणि दुसऱ्या कुणी ढकललं तर अडवतो.

आणखी एक गोष्ट जी मी महागड्या कॅटरिंग कॉलेजांमधून आलेल्या मुलांमध्येही क्वचित पाहते: हिशोब. किलोभर भाजी सोलून, देठ काढून, कापून झाली की उरते किती, हे ते वजन करून लिहितात आणि ताटाची किंमत त्या उरलेल्या वजनावर काढतात. सालं वेगळ्या डब्यात जमा होतात आणि शिफ्टच्या शेवटी त्यांचंही वजन होतं. शेगडीवर जाण्याआधीच मुलांना कळतं की जाड सोललेली साल म्हणजे फेकलेले पैसे.

ओरडणं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या धंद्यात अजूनही पुष्कळांना वाटतं की शिव्या खाल्ल्याशिवाय शेफ घडत नाही. मी तसल्या किचनमध्ये वाढले आहे आणि तिथे माणूस पहिल्यांदा काय शिकतो ते सांगू शकते: लपवायला शिकतो. करपलेला सॉस दुसऱ्या सॉसमध्ये मिसळायला, खाली पडलेलं उचलून परत बोर्डावर ठेवायला, बोट कापलं तरी न सांगायला शिकतो. या केंद्रात करपलं तर मुलं 'शेफ, करपलं' असं मोठ्याने सांगतात, भांडं बाजूला होतं, नवं चढतं. शिस्त कडक आहे, उशिरा आलं तर त्या दिवशी शेगडी मिळत नाही. पण कुणाचा अपमान होत नाही. ज्या मुलांनी आधीच घरी, शाळेत आणि नोकरी मागायला गेल्यावर भरपूर अपमान गिळलाय, त्यांना आणखी एक डोस देऊन काय साधणार?

किचनचे सेक्शन, म्हणजे एकेका प्रकारच्या कामाचे वेगळे विभाग, सगळ्यांना फिरून मिळतात. ही सेक्शनची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच शेफने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात घट्ट बसवली आणि जगभरची मोठी किचन आजही तिच्यावरच चालतात. इथे भांडी घासण्याचं ठिकाणही एक सेक्शन धरलं जातं आणि त्याचेही गुण आहेत. स्टाफचं जेवण रोज एक विद्यार्थी करतो, उरल्यासुरल्या मालातून, ठरलेल्या वेळेत, आणि ते खायला सगळे शिक्षक बसतात. चव सुधारण्याचा याहून चांगला तास दुसरा नाही.

जिथे हे केंद्र कमी पडतं, तेही स्पष्ट सांगते. रेस्टॉरंट फक्त दुपारी चालतं आणि टेबलं थोडी आहेत. मुलांना एका वेळी चार-पाच केओटी (ऑर्डरच्या चिठ्ठ्या) पासवर, म्हणजे ताटं बाहेर जातात त्या ओट्यावर, लागलेले बघायची सवय आहे. माझ्याकडे आठवड्याच्या शेवटी रात्री पंचवीस लागतात. तेव्हा त्यांचे हात बरोबर चालतात, पण डोकं गोंधळतं: कुठलं आधी चढवायचं, कुठलं थांबवायचं, सहा जणांच्या टेबलाची ताटं एकाच मिनिटात कशी सुटायची. हे वर्गात शिकवून येत नाही. आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी पूर्ण भरलेलं रेस्टॉरंट चालवल्याशिवाय ते येणार नाही, आणि हे मी त्यांच्या प्रमुखांना लेखी कळवलं आहे. दुसरी तक्रार चिमट्याची. ताटावर बारीक पानं मांडण्यात जितके तास जातात, त्यातले निम्मे अंड्याला द्यावेत. साधं ऑम्लेट मऊ, न करपवता, सलग तीस वेळा एकसारखं करता आलं की उष्णता हातात आली. नव्या उमेदवाराकडून मी पहिल्यांदा तेच करून घेते.

अशा रेस्टॉरंटचा धंदा हा मुळातच अवघड मामला आहे, आणि देणगी देणाऱ्यांनी तो समजून घ्यायला हवा. २००२ साली लंडनमध्ये जेमी ऑलिव्हर या ब्रिटिश शेफने पंधरा बेरोजगार तरुणांना घेऊन 'फिफ्टीन' सुरू केलं, तेव्हा ते टीव्हीवर दिसलं आणि ही कल्पना घराघरांत पोचली. पुढे अॅमस्टरडॅम, कॉर्नवॉल आणि मेलबर्नलाही शाखा निघाल्या. २०१९ मध्ये ऑलिव्हरची रेस्टॉरंट कंपनीच कोलमडली आणि लंडनचं 'फिफ्टीन' तिच्याबरोबर बंद पडलं. त्याच वर्षाच्या अखेरीस कॉर्नवॉलचंही गेलं. तिथून शिकून गेलेले शेफ आजही कामं करताहेत, पण नव्या मुलांसाठी ते दार बंद झालं. शिकवणीचा खर्च केवळ जेवणाच्या बिलातून काढायचा म्हटलं, की असंच होण्याची भीती राहते. शिकणारा माणूस सावकाश काम करतो, माल जास्त वाया घालवतो आणि त्याच्यामागे एक पगारी शिक्षक उभा असतो. टिकलेल्या संस्था बहुधा दुसरा आधार उभा करतात. वॉशिंग्टनमधलं 'डीसी सेंट्रल किचन' १९८९ पासून चालू आहे, ते शाळांना आणि बेघरांच्या निवाऱ्यांना जेवण पुरवतं, आणि त्याच किचनमध्ये लोकांना शिकवतं. व्हिएतनाममधल्या हनोईचं 'कोटो' हे प्रशिक्षण रेस्टॉरंट १९९९ साली जिमी फामने सुरू केलं. तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, स्वयंपाकाबरोबर इंग्रजी आणि रोजच्या जगण्यातली कौशल्यं शिकवतात. मी ज्या केंद्राबद्दल लिहितेय तेही कार्यालयांना डबे पुरवतं. त्या डब्यांच्या कामाला तिथली काही मुलं नाकं मुरडतात. त्यांनी मुरडू नयेत. मोठ्या प्रमाणावर एकसारखी चव राखणं हे वेगळंच कसब आहे आणि त्याला नोकऱ्या कितीतरी जास्त आहेत.

आणि आता ज्यासाठी मी या केंद्राला शिकवणीचे पाचपैकी साडेचार देते, ते. कोर्स संपला, प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला आणि हात झटकले, असं इथे होत नाही. नोकरी लागल्यावर पुढचे सहा महिने एक मार्गदर्शक त्या मुलाच्या संपर्कात असतो, आणि माझ्याही. या धंद्यातली नवी माणसं नोकरी सोडतात ती बहुतेक स्वयंपाक येत नाही म्हणून नाही. रात्री उशिरा शिफ्ट सुटल्यावर घरी जायला वाहन नसतं. पहिला पगार हातात यायच्या आधीच खोलीचं भाडं द्यायचं असतं. सगळं घर सणाला एकत्र बसतं तेव्हा आपण कामावर असतो आणि घरचे रागावतात. माझ्याकडचा एक मुलगा सुरुवातीला न सांगता गैरहजर राहू लागला. हाताला चांगला होता, मी त्याला सोडायला तयार नव्हते, पण मला तो काही बोलेना. मार्गदर्शकाने फोन करून शोधून काढलं की घरी आजारी आईला दुपारी औषध द्यायला कुणी नव्हतं. त्याला आम्ही पहाटेच्या बेकरी सेक्शनला घेतलं. आता तो तिथे दुसऱ्यांना पीठ मळायला शिकवतो. त्या एका फोनशिवाय तो पुन्हा बेरोजगारांच्या रांगेत गेला असता आणि मी 'ही मुलं टिकत नाहीत' म्हणणाऱ्यांपैकी एक झाले असते.

तुम्ही स्वतः अशा कोर्सला जायचा विचार करत असाल, किंवा घरातल्या कुणाला पाठवणार असाल, तर प्रवेश घेण्याआधी थेट विचारा. शिकताना हातात काही भत्ता मिळतो का? नसेल, तर ज्याला कामाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच मधे सोडून जातो. सुऱ्या आणि सुरक्षित बूट कुणी द्यायचे? प्रमाणपत्र कुठल्या परीक्षा मंडळाचं? मागच्या तुकडीतले किती जण एक वर्षानंतर किचनमध्येच आहेत? 'किती जणांना नोकरी लागली' हा आकडा कुणीही सांगतो, वर्षानंतरचा विचारा. आणि भर कामाच्या वेळी तासभर किचनच्या कोपऱ्यात उभं राहू देतात का ते बघा.

जेवायला जाणाऱ्यांसाठी एवढंच: हातात वेळ घेऊन जा, आणि शेवटी अभिप्रायाचं कार्ड देतात ते नीट भरा. 'छान होतं, शुभेच्छा' लिहू नका. कुठल्या पदार्थात काय कमी, काय जास्त ते लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कार्डं मोठ्याने वाचली जातात, आणि माझं मिठाचं कार्ड वाचल्यावर तो पदार्थ करणाऱ्या मुलीने तेच ताट शिक्षकांसमोर पुन्हा करून दाखवलं होतं.