नक्षी भरपूर पण टायर म्हातारं: नऊ वर्षं जुन्या टायरचा आणि नंतर बदललेल्याचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. माझ्या गाडीचं जे टायर बघणाऱ्याला नवंकोरं वाटत होतं ते मी पहिल्याच महिन्यात काढून टाकलं आणि जे चांगलंच घासलेलं दिसत होतं त्याच्यावर अख्खा पावसाळा काढला. गॅरेजवाल्याच्या, मामांच्या, शेजाऱ्यांच्या सगळ्यांच्या मते हे उलटं झालं. आता उन्हाळा, पावसाळा, थंडी असे तिन्ही ऋतू बघून झालेत म्हणून निवांत लिहितोय.

गाडी १५० सीसी, मॉडेल २०१६, मामांची. चोपड्याकडे शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असायची, मामा मळ्यात जाऊन यायचे तेवढंच रनिंग. गेल्या मे मध्ये माझ्याकडे जळगावला आली कारण मला रोज भुसावळला जायचं असतं आणि माझी जुनी गाडी पार थकली होती. देताना मामा म्हणाले, "अरे टायरांकडे बघ, पुढच्याचे तर कडेचे रबराचे केससुद्धा अजून शाबूत आहेत." खरंच होते. नक्षी खोल, कडा धारदार, फोटो काढला तर कोणी म्हणेल कालच बसवलंय.

पण टायरचं वय नक्षीवरून कळत नाही, ते साईडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भागावर) छापलेलं असतं. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. खूप टायरांना हा आकडा एकाच बाजूला असतो त्यामुळे एका बाजूला नाही दिसला तर दुसऱ्या बाजूला वाकून बघा, मागच्या चाकाला नेमका चेनच्या बाजूला लपलेला सापडतो. माझ्या पुढच्यावर निघालं २२१६, म्हणजे २०१६ चा बाविसावा आठवडा, गाडीसोबत कंपनीतून आलेलंच टायर. मागच्यावर ०९२१, म्हणजे मामांनी ते मधे कधीतरी बदललेलं. तर नवं दिसणारं टायर नऊ वर्षांचं आणि जुनं दिसणारं चार वर्षांचं!

बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनवल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदला. आता नऊ म्हणजे दहाच्या आतच ना, असं कोणीही म्हणेल. पण ती दहा वर्षं म्हणजे शेवटची हद्द आहे, तोपर्यंत टिकेलच अशी हमी नाही. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका, आणि रबराला सगळ्यात जास्त खातं ते ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन. त्यात गाडी उभी. लोकांना वाटतं उभी गाडी म्हणजे टायर वाचलं, पण रबरात मेण आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं घातलेली असतात ती चाक फिरताना, रबर दबताना-सुटताना वर येत राहतात आणि थर धरतात, उभ्या गाडीत ते नीट होत नाही. (टायरवर कधी तपकिरी झाक दिसते ती या रसायनाचीच, त्याला घाबरू नका, धुतली की जाते.)

तपासलं कसं ते नीट सांगतो कारण खरी गोम इथेच आहे. आधी टायर साबणाच्या पाण्याने धुवून कोरडं केलं, कारण धुळीत आणि टायर पॉलिशमध्ये सगळं झाकलं जातं. मग संध्याकाळी गाडी मेन स्टँडवर घेऊन मोबाईलची टॉर्च समोरून न मारता एका बाजूने तिरपी मारली आणि चाक बोटाने हळूहळू फिरवत गेलो. नक्षीच्या वरच्या भागावर काहीच नाही. खाचांच्या तळाशी मात्र मे मध्ये काळ्या शेताला पडतात तशा बारीक भेगा, एकीतून दुसरी फुटलेली. साईडवॉलवर रिमच्या जवळ गोल फिरत गेलेली केसासारखी रेघ. ओलं फडकं फिरवून लगेच पुसलं तर बाकी रबर सुकलं आणि भेगा पाणी धरून काळ्या राहिल्या, तेव्हा कुठे अंदाज आला किती आहेत ते. नंतर गाडी स्टँडवरून उतरवून भाच्याला सीटवर बसवलं, टायर वजनाने थोडं फुगलं तशा त्याच भेगा उघडल्या. वरवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा जुन्या टायरला असतातच, त्या एकवेळ चालतील, पण वजन पडल्यावर तोंड उघडणारी भेग मला तरी चालणार नाही. आणि आतले धागे दिसले किंवा कुठे फुगवटा आला असेल तर विषयच संपला, त्याच दिवशी टायर उतरवा.

नखाची टेस्ट पण केली, मागच्या टायरमध्ये नख जरा रुततं, पुढच्यात अजिबात नाही. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मित्र आहे त्याच्याकडे रबराचा कडकपणा मोजायचं मीटर होतं, शोर ए स्केलवालं. सकाळी सावलीत मोजलं (तापलेलं रबर नरम दाखवतं म्हणून दोन्ही एकाच वेळी), मागचं साठीच्या पुढे थोडंसं, पुढचं जवळपास ऐंशी. अर्थात मीटर सगळ्यांकडे नसतं आणि लागतही नाही, नखात बऱ्यापैकी उत्तर मिळतं.

चालवताना कसं होतं? कोरड्या रस्त्यावर सरळ जाताना काही कळत नाही, तीच तर अडचण आहे. फरक ब्रेकला. महामार्गावर कडेला रेती असते तिथे पुढचा ब्रेक हलका दाबला तरी चाक सरकल्यासारखं व्हायचं आणि छोट्या खड्ड्याचा दणका थेट मनगटात. ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे येतं, थांबवायचं जास्तीचं काम पुढचं टायर करतं, आणि मागचं घसरलं तर एकवेळ सावरता येतं पण पुढचं घसरलं की माणूस खालीच. म्हणून पावसाळ्याच्या आधी पुढचं बदलायचं ठरवलं.

गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, गिरीप ते भरपूर शे, कसाले बदली ऱ्हायना? मांगलं बदल ना!" त्याचंही अगदीच चूक नव्हतं, मागचं मधोमध चपटं झालं होतं. आपले रस्ते सरळसोट, त्यामुळे मागचं टायर मधेच घासतं. पण साईडवॉलवर टीडब्ल्यूआय (टायर किती घासलं ते दाखवणारी खूण) लिहिलेलं असतं किंवा छोटा त्रिकोण असतो, तिथून सरळ वर खाचेत बघितलं की एक बारीक उंचवटा दिसतो, दुचाकीला तो ०.८ मिमीचा असतो. नक्षी घासून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपलं. माझी नक्षी त्याच्या चांगलीच वर होती, रबर नरम, भेगा नाहीत. मग कशाला काढायचं.

नवं पुढचं एमआरएफचं घेतलं, जुन्याच साईजचं, व्हॉल्वसकट नवीन, फिटिंग धरून दोन हजाराच्या आत. दुकानात पहिल्यांदा जे दाखवलं त्यावर दीड वर्षापूर्वीचा आकडा होता, ताजं मागितलं तर आतून आणून दिलं. साईडवॉलवरचा बाण फिरण्याच्या दिशेने बसलाय ना ते पण बघून घ्या, घाईत उलटं बसवतात. नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक नाही, गाडी जास्त झुकवणं नाही.

फरक पहिल्या पावसात समजला. यावल-रावेर पट्ट्यात ट्रॅक्टर शेतातून निघाले की डांबरावर काळी माती पसरते, वरून भुरभुर पाऊस आला की साबणच. तिथे पुढचं चाक सरळ राहिलं, ब्रेकला अंदाज येऊ लागला. मागचं मात्र साचलेल्या पाण्यात हलायचं, खाचा उथळ असल्या की पाणी बाहेर फेकलं जात नाही, म्हणून मुसळधार असेल तर पन्नासच्या वर गेलोच नाही. कन्नड घाट चढताना चपट्या मागच्या टायरचा त्रास झाला, वळणात गाडी हळूहळू न झुकता एका ठिकाणी अडकून मग एकदम पडल्यासारखी वाटते. सवय झाली पण आवडलं नाही. थंडीत सकाळी सहाला निघतो तेव्हा मात्र नव्या रबराचा सगळ्यात फायदा वाटला, थंड रबर तसंही कडक असतं, त्यात ते नऊ वर्षांचं असतं तर मी शेकोटीजवळच बसलो असतो!

हवा आठवड्याला, टायर थंड असताना, पुढे २५ मागे २८, डबलसीट असलो तर मागे ३२. उन्हात फुटेल म्हणून कमी भरणारे आहेत, ते नका करू, कमी हवेत साईडवॉल जास्त वाकते, टायर उलट जास्त तापतं.

जुनं टायर दुकानदार ठेवून घे म्हणत होता, पॉलिश मारलं असतं तर सहज कोणाच्यातरी गाडीला बसलं असतं. मी त्याच्याकडूनच हॅक्सॉ मागून कडेची तार कापली, तोंड वाकडं केलं त्याने. आता मागचं टीडब्ल्यूआयला टेकत आलंय, मधली एक खाच जवळपास सपाट झालीये, पंक्चरही वाढलेत. या महिन्याचा पगार झाला की तेही उतरवतोय.