रात्री दोन वाजता स्फुरद मोजून देणारी लॅब (औसा रोड, लातूर)

गेल्या उन्हाळ्यात आमच्या अण्णांच्या मानेत आणि काखेत गाठी आल्या. झपाट्यानं वाढणारा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. पहिली केमो लावली त्या दिवशीच डॉक्टर म्हणाले, "पुढचे तीन दिवस मला गाठीपेक्षा रक्ताची काळजी आहे. पोटॅशियम, कॅल्शियम, युरिक ॲसिड, क्रिएटिनिन, फॉस्फरस, सगळं दर आठ तासांनी पाहिजे." बाकीचं दवाखान्यातच व्हायचं, फॉस्फरस (शेतकऱ्याच्या भाषेत स्फुरद) तेवढा बाहेर. म्हणजे नळी पदरात झाकून नातेवाईकानं पळायचं.

आधी मी दुसऱ्याच एका लॅबला गेले होते. संध्याकाळी सहाला नळी दिली. नऊला चौकशीला गेले तर माझी नळी दिली तशीच ट्रेमध्ये उभी. साडेअकराला रिपोर्ट आला, ७.९. नॉर्मल २.५ ते ४.५. वॉर्डात डायलिसिसचं बोलणं सुरू झालं, माझे हातपाय गळाले. पण अण्णांना लघवी चांगली होत होती, कॅल्शियमही घसरलं नव्हतं. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तो आकडा पटेना. त्यांनी नवी नळी भरून दिली आणि दुसरीकडून करून आणायला सांगितलं.

दीड वाजता या लॅबचं शटर अर्धं उघडं दिसलं. आतल्या पोरानं आधी पैसे नाही, वेळ विचारली. "ताई, रक्त किती वाजता काढलं?" नळी मशीनमध्ये फिरवून त्यानं उजेडात धरली. वरचं पाणी पिवळसर हवं, ते गुलाबी होतं. "हे मी लावणार नाही. तांबड्या पेशी फुटल्यात, त्यांच्या आतला फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरसच, बाहेर आलाय. आकडा खोटा वाढेल." लॅबला कुलूप लावून तो माझ्या स्कूटीवर मागं बसला, वॉर्डात आला आणि अण्णांच्या दुसऱ्या हातातून स्वतः रक्त काढलं. "किती रक्त काढलालाव रे लेकरा?" अण्णा म्हणाले. "शेवटचंच आबा." वीस मिनिटांत नळी मशीनमध्ये फिरत होती. ५.३ आलं. वाढलेलंच, पण सलाईन वाढवून आणि गोळ्या देऊन सांभाळता येईल असं.

सकाळी तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम अर्धा तास माझ्याशी बोलल्या. पेशी दुप्पट व्हायची तर नवा डीएनए लागतो, त्याचा कणाच साखर आणि फॉस्फेटचा. पेशीच्या आवरणातही फॉस्फेट, आणि ऊर्जेचा चलनी पैसा म्हणजे एटीपी, त्यातही तीन फॉस्फेट. वाढीची घाई असलेली गाठ म्हणून फॉस्फेट ओढून साठवते. बिघडलेल्या लिम्फोब्लास्ट पेशीत (कच्च्या पांढऱ्या पेशीत) तो साध्या लिम्फोसाइटच्या, म्हणजे नेहमीच्या पांढऱ्या पेशीच्या, चौपटीपर्यंत असतो. केमोनं अशा कोट्यवधी पेशी एकदम फुटल्या की साठवलेलं सगळं रक्तात येतं, कॅल्शियमला धरतं आणि मूत्रपिंडात खडे होऊन बसतं. पायात गोळे येतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. मी हे अण्णांना सांगितलं तर त्यांना माझ्याआधी कळलं. जन्मभर सोयाबीन आणि तुरीला डीएपी खत घातलेला माणूस. "म्हणजे गाठीनं स्फुरद ओढलं होतं म्हण की." डीएपीच्या पोत्यावरचा १८:४६ त्यांना तोंडपाठ, त्यातले ४६ स्फुरदाचे.

गावाकडून मात्र फोनवर फोन. डाळ, दूध बंद करा, त्यातला फॉस्फेट तुटला की गाठ उपाशी मरंल. मॅडमना विचारलं. उंदरांना जास्त फॉस्फेटचा आहार दिल्यावर फुप्फुसातल्या गाठी वाढल्याचं दिसलंय, हे त्यांनी लपवलं नाही. पण माणसाच्या अंगातला ८५ टक्के फॉस्फरस हाडांत आणि दातांत असतो, ताटातलं वरण काढून गाठ उपाशी राहत नाही, माणूस मात्र खंगतो. त्या तीन दिवसांपुरतं दूध-डाळ बेतानं द्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते मूत्रपिंडासाठी. पुढं अण्णांना रोज वरण-भात दिला. कोल्ड्रिंक मात्र मी घरात आणत नाही. कोलासारख्या कोल्ड्रिंकमधलं फॉस्फोरिक ॲसिड डाळीतल्या फॉस्फेटपेक्षा कितीतरी जास्त अंगात शोषलं जातं.

युरिक ॲसिड उतरवायचं महागडं इंजेक्शन दिल्यावर नळी बर्फात न्यावी लागते, नाहीतर औषध नळीतसुद्धा युरिक ॲसिड संपवत राहतं आणि आकडा खोटा कमी येतो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. या पोरानं बर्फ भरलेला थर्मास हातात दिला, डिपॉझिट न घेता.

उणं सांगायचं तर लॅब दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, म्हाताऱ्या माणसाला चढवणं अवघड. बसायला दोनच खुर्च्या. रात्री रोखच घेतात, सुट्टे नेलेले बरे. रिपोर्ट इंग्रजीत असतो, पण विचारलं तर मराठीत समजावून सांगतात, कंटाळत नाहीत.

तिसऱ्या दिवशी ४.२ आलं. दुसऱ्या केमोला मी आधीच फोन करून ठेवला होता. आता नळीवर नावाखाली रक्त काढल्याची वेळ मी स्वतः पेनानं लिहिते. शटर खाली असलं तर बाजूची बेल दाबा, तो आतच झोपलेला असतो.