माजी लष्करी सीजे-३बी जीप: दोन पावसाळे वापरल्यावर, मुख्यतः त्या ऑइलच्या गळतीबद्दल

फिटनेसच्या तपासणीत माझी जीप हँडब्रेकवर नापास झाली, त्याच रात्री हे लिहायला बसले. पूर्ण मात्र आता करतेय. मधल्या काही महिन्यांत दोन-तीन बाबतींत माझं मत बदललं, आणि नुसता माझा राग वाचून कुणाला आपली जीप दुरुस्त करता येणार नाही.

त्या दिवशी इंजिन ठणठणीत होतं, दिवे-हॉर्न चालू, पायाचा ब्रेक चारही चाकांना सारखा. हँडब्रेक पूर्ण ओढला तरी उतारावर गाडी सरकत राहिली. तपासणाऱ्या साहेबांनी वाकून खाली बोट लावलं, ते काळं झालेलं बोट मला दाखवलं आणि म्हणाले, "मॅडम, ड्रम ऑइलने भरलाय. काम करून आणा." त्यांचं काहीच चुकलं नाही. माझा राग त्या गॅरेजवर आहे, ज्यांनी रिस्टोरेशनच्या नावाखाली माझ्याकडून भरपूर पैसे घेतले आणि गळतीचा विषय काढला की दरवेळी एकच ऐकवलं, "ताई, जुनी जीप आहे, थोडी गळणारच."

नाव लिहीत नाही. पण जुनी जीप पाळणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं, आणि बहुतेक जण ते खरं मानून खाली पुठ्ठा टाकतात. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर माझ्या पार्किंगच्या जागी ताटाएवढा काळा डाग पडला होता आणि प्रत्येक मीटिंगमध्ये त्याचा विषय निघायचा.

गाडीची माहिती तुम्हाला असेलच, म्हणून थोडक्यात. पेट्रोल एफ-हेड इंजिन, तीन गिअर, स्पायसर १८ ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा डबा). लष्कराच्या लिलावातून निघाली, मग वर्षानुवर्षं एका बागायतदाराकडे द्राक्षबागेत राबली, तिथून माझ्याकडे आली. ‘हिला डिझेल इंजिन टाका, परवडेल’ हा सल्ला मला नाशिकमध्ये जवळजवळ प्रत्येक मेकॅनिकने दिला. मी टाकलं नाही. हिचं बोनेट उंच आहे तेच मुळी या इंजिनामुळे, कारण इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये बसवल्यावर इंजिनाची उंची वाढली. ते इंजिन काढलं तर त्या उंच बोनेटखाली उरतं काय? लिटरला सात किलोमीटरच्या आसपास देते. खर्च टोचतो, पण रोजच्या कामाला माझ्याकडे स्कूटर आहे.

आता गळती.

ट्रान्सफर केसच्या मागून प्रोपेलर शाफ्टकडे (मागचा एक्सल फिरवणाऱ्या दांड्याकडे) जाणारा यॉक, म्हणजे त्याला जोडणारा तुकडा, बाहेर येतो. त्याच्या मानेवर ऑइल सीलची रबरी कड सतत घासत असते. पन्नासेक वर्षं एकाच जागी घासून घासून त्या मानेला गोल खाच पडते. माझ्या यॉकची खाच डोळ्यांना फारशी दिसत नव्हती, पण पुसून त्यावरून नख फिरवलं की नख अडकायचं. अशा खाचेवर कितीही चांगलं नवं सील बसवा, कड नीट टेकत नाही आणि महिन्या-दीड महिन्यात थेंब पुन्हा सुरू होतो.

एवढंच असतं तर मी पुठ्ठा टाकून गप्प बसले असते. पण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाही. तो याच यॉकला लागून असलेल्या ड्रमवर आहे आणि चाकांऐवजी शाफ्ट धरतो. म्हणजे सीलमधून सुटलेला थेंब फिरत्या यॉकबरोबर उडतो तो सरळ ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून पकड देणाऱ्या पट्टीवर. लायनर एकदा ऑइल प्यायलं की पेट्रोलने धुवा, सँडपेपर मारा, दोन दिवस बरं वाटतं आणि गरम झालं की आतलं ऑइल पुन्हा वर येतं. त्या गॅरेजने दरवेळी नेमकं हेच केलं. (हँडब्रेक लावल्यावर गाडी बोटभर हलून मग थांबत असेल तर घाबरू नका, ते डिफरन्शियलमधलं ढिलेपण आहे. माझी गाडी थांबतच नव्हती.)

त्यांची सगळी बिलं मी जपून ठेवली आहेत. प्रत्येक बिलावर ‘सील किट’ आणि मजुरी आहे, यॉकचा उल्लेख एकाही बिलावर नाही. "यॉक काढून मला दाखवा" म्हटलं तर उत्तर मिळालं, "ताई, तुम्हाला काय कळणार त्यातलं?" शेवटी त्यांनी सेकंडहँड ट्रान्सफर केस बसवायचा सल्ला दिला. ती किती वर्षं फिरलेली, तिच्या मानेला खाच आहे का, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मी गाडी उचलून आणली.

काम झालं अंबड एमआयडीसीत, एका लेथवर. तिथल्या मामांनी यॉक हातात घेतला, माझ्यासारखंच नख फिरवलं आणि म्हणाले, "सीलचा दोष नाही हो, बसायला जागाच राहिली नाही त्याला." त्यांनी मान थोडी उतरवली, त्यावर स्टीलची स्लीव्ह (पातळ नळी) गरम करून चढवली आणि मूळ मापाला ग्राइंड करून दिली. मायक्रोमीटर मला वाचायला लावला. नवं सील, नवे लायनर, ड्रम लेथवर साफ. या सगळ्याचा खर्च गॅरेजच्या शेवटच्या एका बिलापेक्षा कमी आला. पुढच्या तपासणीत गाडी हँडब्रेकवर जागच्या जागी उभी राहिली.

इथपर्यंतचं सगळं मी उन्हाळ्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘यॉकला स्लीव्ह करा, विषय संपला’ असं लिहिलं होतं. ते ठळक वाक्य आता काढून टाकलं आहे. श्रावणात थेंब पुन्हा दिसला. मी मामांकडे गेले, त्यांनी खालून पाहिलं आणि स्लीव्हला हातही न लावता ट्रान्सफर केसच्या ब्रीदरवर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या तोटीवर, स्क्रूड्रायव्हर टेकवला. शेतातला चिखल आत जाऊन तो दगडासारखा बंद झाला होता. लांब पल्ल्यावर ऑइल तापतं, आतल्या हवेला बाहेर जायला वाट नसते, मग ती हवा ऑइलला सीलच्या कडेतून बाहेर ढकलते. ब्रीदर खोलून डिझेलमध्ये धुतला, तेव्हापासून पुठ्ठा कोरडा आहे. त्यामुळे आता माझं म्हणणं असं: आधी ब्रीदर पाहा, तो फुकटात होतो. मग यॉकवर नख फिरवा. सील सगळ्यात शेवटी.

ऑइलबद्दल एक जोड. गिअरबॉक्समध्ये नव्वद नंबरचं जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल टाका. काउंटरवरचा माणूस ‘जीएल-५ भारी आहे’ म्हणून तेच हातात देतो, पण त्यातल्या गंधकाच्या रसायनांनी गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खराब होतात. आणि गिअरबॉक्समधलं ऑइल हळूहळू ट्रान्सफर केसमध्ये उतरतं, म्हणून दोन्हीकडची पातळी एकाच वेळी तपासा. एकीकडे कमी दिसलं म्हणून भरलं की दुसरीकडे जास्त होतं, आणि जास्त झालेलं ऑइलही वाट शोधतंच.

पेट्रोलबद्दलही माझं मत बदललं. पंपावर सगळीकडे ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यावर मी धास्तावले होते. गाडीतल्या जुन्या इंधन पंपाचा डायाफ्राम (रबरी पडदा) आणि रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, टाकीतला जुना साका सुटून फिल्टरमध्ये येतो, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. माझ्या बाबतीत हे तिन्ही झालं. फिल्टर तर पहिल्या महिन्यात सारखा बदलावा लागला. मग टाकी उतरवून आतून धुतली, नळ्या आणि डायाफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घेतले, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) किंचित मोठा केला कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होत होतं. त्यानंतर तक्रार नाही. आता माझा नियम एवढाच: गाडी तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकीकडून इंधन पंपाला येणारी नळी काढून तिचं तोंड बंद करायचं आणि इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. एप्रिल-मेमध्ये मुंबई नाक्याच्या सिग्नलला व्हेपर लॉक होऊन (नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो) ती अजूनही बंद पडते. त्यावर इंधन पंपावर ओलं फडकं टाकून पाच मिनिटं थांबण्यापलीकडे मला उपाय सापडलेला नाही.

रंग. नव्याने जीप घेणाऱ्यांना हे कुणीच सांगत नाही, म्हणून सांगते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. खासगी गाडीला तो लावता येत नाही, मग गाडी लष्करात कितीही वर्षं राहिलेली असो. माझी आता मातकट खाकी आहे आणि आरसीवरही तोच रंग आहे. रंग खरवडताना मागच्या फळीवर वरचा क्रीम थर निघाला, त्याखाली निळा, त्याखाली हिरवा, आणि हिरव्यावर पांढऱ्या रंगातला वर टोक असलेला बाण. लष्कराच्या नंबराची सुरुवात याच बाणाने होते, पुढचे दोन आकडे खरेदीचं साल सांगतात. माझ्या फळीवर बाण आणि सहाचा आकडा शाबूत होता, पुढचं गंजाने खाल्लं होतं. पेंटर ते घासायला निघाला होता. मी तेवढा तुकडा लाखेने झाकून आतल्या बाजूने तसाच ठेवायला लावला.

याच गॅरेजने मला मागे फायबरची नकली तोफ बसवून देऊ केली होती, लग्नाच्या मिरवणुकीत गाडी भाड्याने जाईल म्हणून. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी झालेल्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे फोडले, तिथेच त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. अशा उघड्या जीपमध्ये बसून रणगाड्यासमोर जायचं म्हणजे काय, हे त्या सीटवर बसल्यावर थोडं तरी कळतं. देवळालीला तोफखान्याचं स्कूल असलेल्या शहरात तरी ती नकली नळी लावून वरातीत नाचायला नको. मी त्यांना स्पष्ट नाही म्हटलं.

कागदपत्रांचं थोडक्यात: पन्नास वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशाच कामांना रस्त्यावर काढता येते. मला ती शेतावर न्यायची असते, म्हणून मी नेहमीची नोंदणीच ठेवली आहे. दर पाच वर्षांनी फिटनेस आणि पर्यावरण कर भरते.

शेताचा विषय निघालाच आहे तर जीपबद्दल सगळ्यात चांगलं जे वाटलं तेही लिहिते. गिरणाऱ्याला माझ्या भावाची जमीन आहे. जुलैत टोमॅटोचे कॅरेट भरलेला पिकअप बांधाजवळ काळ्या मातीत मागच्या एक्सलपर्यंत बसला. ट्रॅक्टर दुसऱ्या वस्तीवर गेलेला, मार्केटची वेळ टळत चाललेली. मी पुढचा एक्सल जोडला, लो रेंज टाकली, पहिला गिअर, आणि ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता क्लच सोडला. सगळं मिळून साधारण ३७ पट रिडक्शन होतं, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन ३७ वेळा फिरतं. इंजिन जराही ओरडलं नाही. दोर ताणला, चाकांनी खालची घट्ट माती शोधली, आणि माणूस चालतो त्याहूनही कमी वेगात पिकअप बाहेर आला. कॅरेटमधला एकही टोमॅटो सांडला नाही. भाऊ इतके दिवस हिला माझा शौक म्हणायचा. आता पाऊस पडला की त्याचाच फोन येतो, "ताई, जीप पाठवतेस का?"

सुट्या भागांची अडचण मला वाटली होती त्यापेक्षा खूप कमी आहे. महिंद्राने नंतरच्या डिझेल जीपांनाही हीच ट्रान्सफर केस दिली, त्यामुळे सील, बेअरिंग, गॅस्केट नाशिकमध्येच मिळतात. जे मिळत नाही ते मुंबईत कुर्ल्याला. बॉडीसाठी सगळे हरियाणातल्या डबवालीहून नवी मागवायला सांगतात. माझी मूळ बॉडी पाय ठेवायच्या जागी चाळण झाली होती, तरी तेवढाच पत्रा कापून नवा जोडला. खर्च जवळपास तेवढाच आला, पण फळीवरचा बाण राहिला.

पुढचं काम पुढच्या एक्सलच्या किंगपिन बेअरिंगचं, ज्यावर पुढची चाकं वळतात. पन्नासच्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरतं, शिम (पातळ चकत्या) कमी करून पाहायचे आहेत. आणि हँडब्रेकचा मूळ ड्रम कुणाच्या शेडमध्ये पडून असेल तर मला हवा आहे. माझा लेथवर घेऊन घेऊन मापाच्या काठावर आलाय, आणखी एकदा घेता येणार नाही. बाजारातला नवा नको, लष्करी सुट्या भागांतला असेल तर योग्य किंमत देऊन येऊन घेऊन जाईन. फक्त देण्याआधी त्याच्या आतल्या बाजूवरून एकदा नख फिरवून पाहा.