मोठी बॅले कंपनी की छोटी? सही करण्याआधी

मोठ्या कंपनीचं नाव दिसलं की निम्मे नर्तक करारावर सही करून मोकळे होतात. नाव घटकाभर बाजूला ठेवा आणि पहिल्या सीझनमध्ये आपण नक्की कुठे उभे असू, ते बघा.

मोठ्या कंपनीत उतरंड असते. पॅरिस ऑपेरा बॅलेत पाच पायऱ्या, न्यूयॉर्क सिटी बॅलेत तीन. शाळेतून नुकतीच आलेली मुलगी सगळ्यात खाली. म्हणजे 'स्वान लेक'मधल्या हंसांच्या थव्यात किंवा 'ला बायाडेर'मध्ये उतारावरून एकामागून एक उतरणाऱ्या छायांच्या रांगेत. हे दुय्यम काम वाटत असेल तर त्या रांगेत एकदा उभं राहून बघा: प्रत्येकीचा पाय त्याच उंचीला, पुढचीपासून अंतर तेवढंच, आणि तोल गेला तर लपायला जागा नाही. बरेचदा तीही जागा लगेच मिळत नाही. दोन-तीन जणींचं कव्हर, म्हणजे गरज पडली तर त्यांच्या जागी नाचायची तयारी, सांभाळायचं, तालमीत मागे उभं राहून हातांनीच पावलं मोजत पाठ करायचं, आणि संध्याकाळी कोणाचा घोटा मुरगळला की ऐनवेळी आत शिरायचं.

छोट्या कंपनीत मागची रांगच नसते. सॅन फ्रान्सिस्कोच्या अलोन्झो किंग लाइन्स बॅलेसारख्या ठिकाणी साधारण डझनभरच नर्तक असतात. पहिल्याच प्रयोगात तुम्ही पुढे दिसता, नवी रचना तुमच्या अंगावर बसवली जाते. पण तुमच्या जागी उभं राहायलाही कोणी नसतं, त्यामुळे दुखत असलं तरी नाचण्याचा मोह होतो, आणि तिथेच शरीराची वाट लागते.

रुळण्याचा प्रश्न मात्र वेगळाच आहे, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच व्हावा. पॅरिस किंवा कोपनहेगनसारख्या कंपन्यांची स्वतःची शाळा आहे. तिथले बरेच नर्तक लहानपणापासून एकत्र वाढलेले असतात. बाहेरून आलेल्याला सरावाच्या दांड्यापाशी (बार) कुठे उभं राहायचं तेही कळत नाही, कारण प्रत्येक जागा कोणाची तरी ठरलेली असते. कुठेही तसं लिहिलेलं नसलं तरी. त्यात अंगवळणी पडलेलं मोडावं लागतं. वागानोवा या रशियन पद्धतीत दोन्ही गुडघे वाकवून गिरकीची तयारी करणाऱ्याला बॅलन्शिन या अमेरिकी पद्धतीत मागचा पाय सरळ ठेवायला सांगतात. पॅरिसच्या गार्निये या ऑपेरागृहाच्या रंगमंचाला तर ५ टक्के उतार आहे. सपाट जमिनीवर शिकलेल्याला तिथे तोल नव्याने शोधावा लागतो. छोट्या कंपनीत बहुतेक सगळेच बाहेरचे, त्यामुळे ओळखी पटकन होतात. शहराशी मात्र त्या होत नाहीत. दौरे इतके, की भाडं एका शहरात आणि मुक्काम भलत्याच.

क्लासमध्ये भाषेचा अडसर नाही. प्लिये (गुडघे वाकवणं) आणि तांदू (पाय ताणून सरकवणं) ही फ्रेंच नावं जगभर तीच. घरमालक, डॉक्टर आणि सरकारी कार्यालयाशी बोलताना मात्र शहराची भाषा लागतेच, आणि मोठ्या कंपन्यांत त्यासाठी मदत करणारा माणूस असण्याची शक्यता जास्त.

करार नीट वाचा. अमेरिकेत तो अनेकदा आठवड्यांत मोजतात. उरलेल्या आठवड्यांचा पगार नाही. जर्मनीतल्या थिएटरांत तो सीझनचा असतो आणि पुढे ठेवायचं नसेल तर नव्या माणसाला ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवतात. करार एकाच सीझनचा असेल तर ऑगस्टमध्ये रुजू झालेल्याच्या हाती जेमतेम दोन-अडीच महिने.

शाळेतून थेट निघाला असाल तर मी मोठी कंपनी सुचवेन: फिजिओ, पर्यायी नर्तक, शिस्त, सगळं हाताशी. कोर द बॅलेत, म्हणजे त्या सगळ्यात खालच्या समूहात, चार-पाच वर्षं काढून अडकल्यासारखं वाटत असेल तर खुशाल छोटी निवडा, फक्त दुखापतीच्या काळातला पगार आणि पॉइंट शूजचा (बोटांच्या टोकांवर नाचायच्या बुटांचा) खर्च कोणाकडे, हे लेखी घ्या. एका प्रयोगात जोडी निकामी होऊ शकते, त्यामुळे ही किरकोळ बाब नाही. आणि कंपनीची माहिती दिग्दर्शकाला विचारण्याआधी गेल्या वर्षी आलेल्या नर्तकाला विचारा.