पोस्ट उडाली, आता दाद कुठे? दोन अपील-सेवांचा आढावा

पोस्ट उडाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: माझ्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं काय? उत्तर जरा कडू आहे. संविधानातलं कलम 19(1)(अ) मुख्यतः सरकारचा हात धरतं, कंपनीचा नाही. फेसबुकची भिंत गावचा पार वाटते खरी, पण ते कुणाचं तरी खासगी अंगण आहे, फक्त फाटक सताड उघडं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या पॅकिंगहॅम खटल्यात समाजमाध्यमांना आधुनिक सार्वजनिक चौक म्हटलं, त्याचा दाखला सगळे देतात. पण तिथे लोकांना चौकात यायला बंदी करणारा कायदा राज्य सरकारचा होता. कंपनीनेच अडवलं तर काय, या प्रश्नावर 2020 मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने यूट्यूबच्या बाजूने निकाल दिला: खासगी मंच कितीही मोठा झाला तरी सरकार होत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या कौशल किशोर निकालाने (जानेवारी 2023, चार विरुद्ध एक) कलम 19 आणि 21 खालचे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतील असं म्हटलं. दार किलकिलं झालं, पण त्यातून आत शिरायला वकील, वेळ आणि पैसा लागतो.

तोवर सामान्य वापरकर्त्याला परवडणाऱ्या फुकट सेवा दोन: केंद्र सरकारची ग्रीव्हन्स अपेलेट कमिटी, म्हणजे तक्रारींवरची अपील समिती (पुढे जीएसी), आणि फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्या निर्णयांवर अपील ऐकणारं ओव्हरसाइट बोर्ड.

आधी जीएसी. जानेवारी 2023 मध्ये अशा तीन समित्या नेमल्या आणि 1 मार्च 2023 पासून पोर्टल चालू झालं. प्रत्येकीत अध्यक्ष आणि दोन सदस्य. मोठा फायदा असा की ही सेवा एका कंपनीपुरती नाही. फेसबुक, एक्स, यूट्यूब, कुणाविरुद्धही जाता येतं. सगळं काम ऑनलाइन, खेटे नाहीत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करायचं आणि समितीने 30 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा, असं 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला नियम 3अ सांगतो. 'प्रयत्न' हा शब्द नियमातलाच आहे, तेव्हा कॅलेंडरवर फुली मारून बसू नका.

बहुतेकांचं घोडं इथे पेंड खातं: ॲपमधलं 'पुन्हा तपासा' बटण दाबणं म्हणजे तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार नव्हे. ते बटण कंपनीच्या आतल्या रांगेत जातं. जीएसीला हवा असतो भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क कंपनीने आपल्या साइटवर किंवा ॲपवर देणं बंधनकारक आहे. शोधा, बऱ्याचदा पार तळाशी असतं. तक्रार पोहोचल्याची पोच 24 तासांत यायला हवी. निर्णयाची मुदत हे 2021 चे नियम आले तेव्हा 15 दिवस होती. या नियमांना वरचेवर दुरुस्त्या होतात, म्हणून दिवस मोजण्याआधी चालू मजकूर वाचा. पोस्टची लिंक, ती दिसत असतानाचा स्क्रीनशॉट, कंपनीची नोटीस, तक्रार क्रमांक आणि आलेलं उत्तर एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पोस्ट उडाल्यावर स्क्रीनशॉट मिळत नाही, म्हणून वादग्रस्त होण्याची शक्यता असलेलं काही लिहिलं की प्रत आधीच काढावी.

तक्रारीत एक वाक्य आवर्जून घाला: याच नियमांतल्या नियम 4(8) नुसार कारणासह सूचना आणि बाजू मांडण्याची संधी मिळाली का? भारतात 50 लाखांपेक्षा जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचाने स्वतःहून मजकूर काढताना हे करणं अपेक्षित आहे. 'समुदाय निकषांचा भंग' एवढंच ठोकळेबाज उत्तर आलं असेल तर हा मुद्दा तुमच्या भावनांपेक्षा जास्त वजनाचा ठरतो.

जीएसीची दुखरी नस उघड आहे. सदस्य केंद्र सरकार नेमतं. उडालेली पोस्ट पाककृतीची असेल तर फरक पडत नाही; सरकारवर टीकेची असेल तर पंच कुणाचा, हा प्रश्न उरतोच.

ओव्हरसाइट बोर्डाचा पंच कंपनीच्या पैशावर उभा आहे, पण मधे स्वतंत्र ट्रस्ट आहे. त्यात 2019 मध्ये 13 कोटी डॉलर टाकले गेले. पहिले निकाल जानेवारी 2021 मध्ये आले. इथे फक्त फेसबुक, इन्स्टाग्राम आणि थ्रेड्स. आधी मेटाकडचं अपील संपवायचं, मग मिळालेला संदर्भ क्रमांक घेऊन 15 दिवसांत बोर्डाकडे जायचं. जीएसीचे 30 दिवस डोक्यात ठेवून इथली मुदत हुकवू नका. एक घड्याळ दुसऱ्यासाठी थांबत नाही. खासगी मेसेज आणि स्थानिक कायद्याखाली काढलेला मजकूर इथे चालत नाही.

निवड हीच अडचण. येणाऱ्या अपिलांच्या ढिगातून बोर्ड मोजकीच प्रकरणं उचलतं, म्हणजे वैयक्तिक न्यायासाठी ही जवळजवळ लॉटरी. पण लागली तर माल उत्तम: पानोपानी कारणं, आणि मोजमाप आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांच्या कसोटीवर. नियम स्पष्ट होता का, हेतू योग्य होता का, आणि पोस्ट उडवण्यापेक्षा सौम्य उपाय होता का? अपिलातलं निवेदन याच तीन प्रश्नांभोवती लिहा. निकाल त्या पोस्टपुरता मेटावर बंधनकारक. सात दिवसांत अंमल. धोरणाबद्दलच्या शिफारशी मात्र ऐच्छिक. 2023 मध्ये कंबोडियाचे तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन यांचा धमकीचा व्हिडिओ बोर्डाने काढायला लावला, तो गेला. त्यांचं खातं सहा महिने गोठवा, ही शिफारस मेटाने नाकारली.

भाषेचा मुद्दा मराठीत लिहिणाऱ्यांना थेट लागू आहे. एप्रिल 2021 मध्ये भारतातली एक पंजाबी पोस्ट काढणं बोर्डाने चूक ठरवलं आणि मेटाचे निकष पंजाबीत उपलब्ध नाहीत हेही नोंदवलं. आपल्याकडे आजी नातवाला 'मुडद्या, तंगडी मोडून हातात देईन' म्हणते ते लाडाने. यंत्राच्या भाषांतरात तो हिंसेचा इशारा होतो. तेव्हा निवेदनात वाक्प्रचाराचा अर्थ, कुणाला उद्देशून आणि कुठल्या गप्पांत म्हटलं, हे दोन ओळींत सांगा. 'सगळे असंच बोलतात' याने काही सिद्ध होत नाही.

दोन्ही सेवा जिथे हात टेकतात तो कोपराही माहीत हवा. सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली मजकूर बंद करवला असेल तर वाद कंपनीशी नाहीच. या कलमाखालच्या 2009 च्या नियमांतला नियम 16 अशा कारवाईत गोपनीयता पाळायला सांगतो, त्यामुळे आदेशाची प्रत मिळणंच कठीण. रस्ता उच्च न्यायालयाचा, आणि गंमत म्हणजे तिथे 19(1)(अ) पूर्ण ताकदीने उभं राहतं, कारण समोर सरकार असतं.

गुण द्यायचे तर जीएसीला पाचपैकी तीन: व्याप्ती आणि मुदत यांसाठी. बोर्डाला अडीच, निकालांचा दर्जा साडेचारचा, पण दारात प्रवेश मिळण्याची शक्यता एकाचीही नाही. पोस्ट मेटाची असेल तर आजच दोन कामं करा: ॲपमधलं अपील, आणि वेगळ्या मेलने किंवा फॉर्मने तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार. बाकी कुठल्याही मंचासाठी दुसऱ्या कामापासूनच सुरुवात.