डॅनिश बार्नेवॉन: ऑर्हुसमध्ये तान्ह्या लेकीसोबत वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. तान्हं बाळ घेऊन डेन्मार्कमध्ये वर्ष-दीड वर्ष राहायला येणार असाल, आणि घर तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या इमारतीत असेल, तर घडी होणारी हलकी स्ट्रोलर भारतातून आणू नका. इथे आल्यावर वापरलेली बार्नेवॉन घ्या. बार्नेवॉन म्हणजे इथली पारंपरिक, मोठ्या चाकांची, बाळाला पूर्ण आडवं झोपवायची बाबागाडी. आमच्या इथल्या मुक्कामात इतक्या उपयोगाची दुसरी वस्तू घेतली गेली नाही.

आम्ही पुण्याचे. पवनऊर्जा क्षेत्रातल्या कामासाठी नवऱ्याची डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरात बदली झाली तेव्हा लेक चार महिन्यांची होती. येताना आणलेली छोट्या चाकांची स्ट्रोलर बंदराजवळच्या फरसबंदीवर इतकी खडखडायची की बाळ झोपणं अशक्य. शेवटी बाळांच्या जुन्या सामानाच्या बाजारातून पंधराशे क्रोनला ही गाडी घेतली. क्रोन हे इथलं चलन, आम्ही गाडी घेतली तेव्हा त्याचा भाव साधारण १२-१३ रुपये होता. नवी घ्यायची तर याच्या कितीतरी पट पैसे पडतात. वापरलेली घेण्यात इथे कोणालाच कमीपणा वाटत नाही. एकाच गाडीतून दोन-तीन भावंडं मोठी होतात आणि मग ती दुसऱ्या घरी जाते.

आता गाडीविषयी. धातूचा सांगाडा, हवा भरायची चार चाकं, वर खोल, लांब पेटी आणि तिला जाड कापडाचं छत. पेटी एवढी लांब असते की दोन-अडीच वर्षांचं मूलही त्यात पाय पसरून झोपतं. गादी सपाट आणि घट्ट असते. पण खरी खुबी खालच्या स्प्रिंगांमध्ये आहे. दांडी हलकेच दाबली की पेटी वरखाली झुलते. आमची लेक पुण्यात झोळीत झोपायची, हा झोका तिला लगेच ओळखीचा वाटला असणार, कारण घरातल्या पलंगाशी तिचं जमायला खूप वेळ लागला, गाडीत मात्र ती पहिल्या दुपारपासून झोपली.

आता मुख्य गोष्ट. इथे बाळं दिवसा बाहेर झोपतात. बाल्कनीत, अंगणात, कॅफेच्या दारात, पाळणाघराच्या आवारात, थंडीतसुद्धा. आईबाप आत कॉफी पीत असतात आणि काचेपलीकडे गाड्या ओळीने उभ्या असतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला वारा लागू देत नाहीत, त्यानंतरही कानटोपी सुटत नाही. पण नगरपालिकेची बालआरोग्य परिचारिका घरी आली (ही सेवा मोफत असते, आणि बाई खरंच वेळ काढून बसतात) तेव्हा तिने नीट समजावलं. बाळ निरोगी हवं, वजन व्यवस्थित वाढत असायला हवं. अंगालगत लोकरीचा थर, त्यावर एक थर, मग थंडीचा पूर्ण झगा आणि पायाशी उबदार पिशवी. उणे दहाच्या खाली पारा गेला, दाट धुकं असलं किंवा बाळ आजारी असलं तर बाहेर झोपवायचं नाही. बाळाला गरम होतंय की गार हे हाताच्या पंज्यावरून ठरवायचं नाही, मानेमागे बोट घालून बघायचं: कोरडं आणि ऊबदार असलं की झालं. हात गार लागला म्हणून आणखी पांघरूण घालत गेलं तर बाळाला फाजील गरम होतं, आणि धोका त्यातच जास्त आहे. तिने सांगितलेली आणखी एक गोष्ट मी प्रत्येक आईला सांगते: बाळ कुशीवर वळायला लागलं की पट्टा लावल्याशिवाय या गाडीत ठेवायचंच नाही. पेटीच्या आत पट्टा अडकवायला कड्या असतात. उन्हाळ्यात छतावर जाड चादर टाकून सावली करायची नाही, आत हवा कोंडून तापते.

नोव्हेंबरपासून लेक आमच्या तळमजल्याच्या अंगणात झोपू लागली. आत बेबी अलार्म (बाळ रडलं की घरात कळवणारं यंत्र), पेटीवर मांजर शिरू नये म्हणून जाळी. ही जाळी बहुतेक जुन्या गाड्यांसोबत मिळतेच, नसेल तर जरूर घ्या. घरात चाळीस मिनिटांत उठणारं बाळ बाहेर दोन-दोन तास झोपायचं. हिवाळ्यात ती कमी आजारी पडली असा दावा मी करणार नाही, सर्दी सगळ्यांना झाली. पण झोप सुधारली, आणि तिच्यामुळे माझा दिवस सुधारला. डिसेंबरात इथे साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्या अंधाऱ्या महिन्यांत दिवसातून दोनदा बाहेर पडायला गाडीनेच भाग पाडलं, आणि परदेशात एकट्या पडलेल्या नव्या आईला याचं मोल काय असतं ते मला माहीत आहे.

आई पुण्याहून राहायला आली ती फेब्रुवारीत. पहिल्या दुपारी ती खिडकीशी खुर्ची टाकूनच बसली. “अगं, आत आण तिला, गारठेल,” असं दर पाच मिनिटांनी. मी तिला बाहेर नेलं, मानेमागे हात घालायला लावला. “गरम आहे गं!” म्हणाली, तरी खुर्ची काही हलली नाही. आठवड्याभराने ती स्वतः दांडी दाबून झोका देत ओव्या म्हणत होती. शेजारच्या डॅनिश आजीबाई कुंपणापाशी थांबून ऐकायच्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी लोकरीचे मोजे विणण्यावरून दोघींचं छान जमलं.

बाळाला बाहेर एकटं ठेवण्याची ही सवय इथल्या परस्परविश्वासावर उभी आहे, हे मात्र विसरू नका. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये एका डॅनिश आईने रेस्टॉरंटबाहेर गाडीत बाळ ठेवलं म्हणून तिला अटक झाली होती. पुण्यात परतल्यावर मी हे करणार नाही. तिथली रहदारी, धूर आणि भटकी कुत्री यांच्यात ते शक्यही नाही. आणि मी इथेसुद्धा कॅफेत नेहमी काचेलगतचीच जागा घेते.

गाडीचा दुसरा उपयोग आमच्या अपेक्षेबाहेरचा निघाला: तिच्यामुळे आम्ही इथल्या लोकांत मिसळलो. चित्रपटगृहांत सकाळी बाळवाल्या आईबापांसाठी खास खेळ असतात. गाड्या झोपलेल्या बाळांसकट बाहेरच्या दालनात उभ्या करायच्या, प्रत्येकीला नंबर. कर्मचारी लक्ष ठेवतात आणि बाळ रडलं की पडद्यावर तुमचा नंबर झळकतो. जागं बाळ मांडीवर घेऊन बसलं तरी कोणी वळून बघत नाही. बाळंतपणानंतर चित्रपटगृहात बसायला मिळणं हेच मला मोठं सुख वाटलं.

चर्चमधलं बाळांचं स्तोत्रगायन त्याहूनही आवडलं. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी तान्ह्या बाळांना घेऊन आया (आणि बरेच बाप) चर्चमध्ये जमतात. गाद्यांवर गोल करून बसायचं, ऑर्गनच्या साथीने जुनी स्तोत्रं म्हणायची, बाळांवरून रंगीत रुमाल फिरवायचे, साबणाचे फुगे सोडायचे. नंतर कॉफी आणि पाव. आमचा धर्म कोणता हे कोणी विचारलं नाही. शब्द कळत नव्हते, पण चाली इतक्या साध्या आणि सुरेल की आता मी स्वयंपाक करताना त्या गुणगुणते. भजनाच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटतच नाही. बापांची संख्या बघून नवरा चकित झाला. २०२२ पासून इथे नोकरदार आई आणि बाप दोघांनाही ११-११ आठवड्यांची बाळरजा राखून ठेवलेली आहे. बापाने ती घेतली नाही तर सहसा ती वाया जाते. त्यामुळे भर दुपारी गाडी ढकलणारे बाप रस्त्यावर सर्रास दिसतात.

फिरण्याच्या जागांपैकी बंदरावरचं डॉकेन ग्रंथालय सर्वात सोयीचं. २०१५ साली उघडलं. आत गाडी सहज फिरते, ट्राम दारात थांबते, रांगत्या बाळांसाठी ऐसपैस जागा आहे. तिथे छतापासून एक लांबलचक कांस्याची नळीसारखी घंटा टांगलेली आहे, तीन टन वजनाची. शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयात बाळ जन्मलं की आईबाप तिथलं बटण दाबतात आणि इथे ग्रंथालयात टोल पडतो. वाचणारी माणसं क्षणभर मान वर करतात, हसतात, पुन्हा वाचू लागतात. एका शहराने प्रत्येक जन्माची अशी दखल घ्यावी ही कल्पना मला फार मोठी वाटते. आपल्या गावांतही असं काही व्हायला हवं, असं मनापासून वाटतं.

डेन गामले ब्यू हे १९१४ पासूनचं खुलं संग्रहालय. डेन्मार्कभरची जुनी शहरी घरं उचलून आणून इथे पुन्हा उभी केली आहेत. एका भागात १८६४ च्या काळाचे रस्ते, पुढे १९२७, मग १९७४. सगळीकडे दगडी फरसबंदी, आणि मोठ्या हवेच्या चाकांची किंमत तिथे कळते. घरांच्या आत मात्र उंबरे आणि अरुंद जिने आहेत, तेव्हा अंगाला बांधायची झोळी जवळ ठेवा. आरोस कला संग्रहालयाच्या गच्चीवर कलाकार ओलाफुर एलियासनने २०११ साली केलेला रंगीत काचांचा गोल मार्ग आहे, दीडशे मीटर परिघाचा. तिथे लेकीला कडेवर घेऊन चाललो. लाल काचेपाशी ती गप्प व्हायची आणि पिवळ्यापाशी हात हलवायची. थंडीत वनस्पती उद्यानातली उष्ण कटिबंधाची काचगृहं छान पडतात. आत शिरताच दमट हवा आणि केळीची पानं, कोकणात आल्यासारखं वाटतं. मार्सेलिसबोरच्या हरणांच्या रानात गाजरं घेऊन जा, पाव नको.

तेवीस जूनला सांक्ट हॅन्स हा सण. समुद्रकाठी शेकोटी पेटवतात, वर चेटकिणीचं बाहुलं, आणि सगळे मिळून गातात. आम्हाला होळी आठवली. रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे गाडीचं गडद छत त्या दिवसांत झोपेसाठी अत्यावश्यक.

आता दोष, आणि ते लहान नाहीत. ही गाडी मुळातच जड आहे, बाळ आणि सामान वेगळं. जिन्यावरून एकटीने नेणं अशक्य. इमारतीच्या जिन्यात ती ठेवू देत नाहीत, आगीच्या वेळी वाट अडते म्हणून. त्यामुळे तळघरात किंवा सायकलींच्या शेडमध्ये जागा आहे का हे घर घेतानाच विचारा. लहान मोटारीच्या डिकीत ती मावत नाही. बसमध्ये मधल्या दाराने चढता येतं, पण गाड्यांची जागा भरलेली असली की पुढच्या बसची वाट बघावी लागते. ऑर्हुस बंदरापासून वर चढत जातं, तो चढ दमवतो. उतारावर दांडीचा पट्टा मनगटात अडकवल्याशिवाय चालू नका. वाळूत चाकं रुततात. समुद्रातल्या त्या प्रसिद्ध गोल पुलावर, म्हणजे अनंत पुलावर, ती नेऊच नका, त्याला कठडे नाहीत. आम्ही गाडी वाटेवर सोडून बाळाला झोळीत घेऊन गेलो. हा पूल हिवाळ्यात काढून ठेवतात, तेव्हा उन्हाळ्यात जा.

दोन-तीन आठवड्यांसाठी येणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये, झोळी पुरते. वरच्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहणाऱ्यांनी वेगळी होणारी पेटी असलेली हलकी गाडी बघावी.

वापरलेली घेताना हे तपासा: गादी उचलून खाली बुरशीचा वास येतो का, ब्रेक दोन्ही चाकांना धरतो का, पट्ट्याच्या कड्या शाबूत आहेत का, टायरला भेगा आहेत का. पावसाचं आवरण आणि जाळी सोबत मागून घ्या, वेगळी घेतली तर महाग पडतात. सायकलचा पंप घरी असू द्या, आमच्या चाकांत थोडी थोडी हवा दर महिन्याला भरावी लागते. आमची नेमणूक संपली की मी ही गाडी घेतली त्याच भावात विकणार आहे. इतके महिने वापरूनही ती त्या भावाची नक्की आहे.